घट्ट पाणी

अण्णा,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या ओळखीची मी आता फारशी उरलेली नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून तोंड पाडून घरात वावरत होते आणि तुम्ही त्यावर एक अक्षर काढत नव्हता. काढलं असतंत तर बरं झालं असतं, निदान तुमच्याशी भांडता तरी आलं असतं. पुढे लग्न झालं. नवरा कॉम्प्युटरवाला, त्याच्यामागोमाग सिंगापूरला आले, चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेच्या ऑफिसात चिकटले, पुंगोलला फ्लॅट झाला, मुलगी झाली. ती आता माझ्याहून उंच आहे आणि मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. हे सगळं एका दमात उरकलं, कारण मला सांगायचंय ते वेगळंच आहे.

मी पुन्हा शिकायला निघालेय. हो, ह्या वयात. माझ्या लग्नानंतर लगेच नणंदेनं अमेरिकेतून आमच्यासाठी ग्रीनकार्डाचा अर्ज भरून ठेवला होता, तो आम्ही विसरूनही गेलो होतो. तो आता मंजूर झालाय आणि पुढच्या वर्षी आम्ही तिकडे जाणार. नवरा जेवताना सहज म्हणाला, "तिकडे जाऊन तू काय करणार?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, फिजिशियन असिस्टंट. तोपर्यंत मी ते स्वतःशीसुद्धा कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. डॉक्टरच्या देखरेखीखाली काम करायचं, पण पेशंट आपण तपासायचा, निदान आपण करायचं, औषधही आपणच लिहायचं, असं ते काम असतं. तुम्ही असतात तर चष्म्यावरून बघत म्हणाला असतात, "म्हणजे कंपाउंडरच की गं!" नाही हो अण्णा, कंपाउंडर नाही. त्याच्यासाठी वेगळं कॉलेज असतं आणि तिथे शिरायला भलेभले धडपडत असतात. लेक म्हणाली, "आई, सो ओल्ड ऑलरेडी, स्टिल वॉन्ट टु स्टडी अह?" म्हटलं, ओल्ड तुझी आजी.

नुसती पुस्तकं घोकून तिथे अर्ज करता येत नाही, इथेच माझं घोडं अडलं होतं. शरीरशास्त्राचे कोर्स घरबसल्या करता आले. पण शेकडो तास पेशंटला प्रत्यक्ष हात लावून काम केलेलं लागतं आणि ज्यांच्या हाताखाली केलं त्यांची शिफारस लागते. बँकेत बसून मी कुणाला हात लावणार, डोंबल! म्हणून नोकरी सोडली, रुग्णसेवेचा छोटा कोर्स केला आणि घराजवळच्याच एका सेंटरमध्ये लागले. मुलं कामाला गेली की त्यांच्या म्हाताऱ्या आईवडलांना सेंटरची गाडी दिवसभरासाठी तिथे आणून सोडते. त्यांना भरवायचं, बाथरूमला न्यायचं, हाताला धरून चालवायचं, त्यांच्याशी गप्पा मारायच्या. बँकेतल्या मैत्रिणींना वाटलं, हिचं डोकं फिरलंय. मला मात्र पहिल्या दिवसापासून तिथे तुमच्या दवाखान्यासारखं वाटत होतं.

तुमचा दवाखाना मला अजून जसाच्या तसा दिसतो. दारातच तिवईवर माठ आहे, त्याच्यावर पितळी झाकणी आणि झाकणीवर पेला. सुट्टीच्या दिवशी मी तिथे उभी असते, कारण आलेल्याला पाणी द्यायचं काम माझं. आधी पाणी, मग नाव-गाव, मग काय दुखतंय ते, असा तुमचा शिरस्ता. एकदा मी कंटाळून एका बाबांना अर्धाच पेला दिला. तुम्ही आतून बघितलंत, हातातला पेशंट सोडून उठून बाहेर आलात आणि सगळ्यांच्या देखत म्हणालात, "अर्धा पेला देतात का कुणाला? चालत आलाय तो माणूस." मला इतकी लाज वाटली की मी मागच्या खोलीत जाऊन रडत बसले. संध्याकाळी तुम्ही गुडघ्यावर मारायची तुमची जुनी रबरी हातोडी माझ्या हातात ठेवलीत, म्हणालात, घे, आता ही तुझी. मी तिच्या मागच्या दांड्यानं शेंगा फोडल्या. आई ओरडली आणि तुम्ही पोट धरून हसलात.

ती सवय काही गेली नाही. इथे एसी दुरुस्त करायला माणूस आला तरी मी आधी पाणी पुढे करते. इथले लोक आपापली बाटली बरोबर घेऊन हिंडतात, ते गांगरतात बिचारे. नवरा हसतो. मी म्हणते, हसू दे.

सेंटरमध्ये एक अंकल आहेत. इथे वडीलधाऱ्या कुणालाही अंकल नाहीतर आंटीच म्हणतात. हे चिनी, पूर्वी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या गाळ्यांत, त्यांचा नूडल्सचा स्टॉल होता. लकव्यानं उजवी बाजू गेलीय, बोलणं तुटक झालंय, पण रोज सकाळी मला बघून पहिला प्रश्न तोच, "गर्ल, ईट ऑलरेडी?" मी चाळिशी उलटलेली बाई, मला ते गर्ल म्हणतात आणि जेवलीस का विचारतात. अण्णा, परक्या देशात दुसरं कुणी मला असं विचारत नाही हो. लकव्यानं त्यांचं गिळणंही बिघडलंय. साधं पाणी दिलं तर ते अन्ननलिकेऐवजी फुप्फुसात उतरतं. म्हणून पाण्यात पावडर कालवून ते पेजेसारखं घट्ट करायचं आणि चमच्यानं द्यायचं. अंकलना त्याचा मनस्वी तिटकारा. चमचा जवळ नेला की तोंड फिरवायचे. साधं पाणी मागायचे आणि मी रोज नाही म्हणायचे. हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर निदान अडाणी तरी म्हणता आलं असतं.

मागच्या महिन्यात एके दिवशी त्यांना आणणारी गाडी वाटेत बंद पडली. बाहेर रणरणतं ऊन, आत एसी बंद, सगळी म्हातारी माणसं तास-दीड तास अडकून पडलेली. ती आली तेव्हा मी दारात होते. अंकलचा चेहरा लालबुंद, शर्ट घामानं अंगाला चिकटलेला, ओठ कोरडे. आणि माझा हात गेला पाण्याच्या कूलरकडे. विचार करून नाही गेला, आपला गेला. पेला काठोकाठ भरला आणि त्यांच्या चांगल्या हातात दिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, असे हसले, आणि घटाघटा पिऊन टाकलं. दोन क्षण मलासुद्धा बरं वाटलं. मग ते खोकायला लागले. खोकला थांबेना, चेहरा काळानिळा पडला, आणि मला कळलं मी काय केलंय. मी ओरडले, "मी साधं पाणी दिलं! मी दिलं!" मराठीतच ओरडत होते म्हणे. आमच्या मुख्य सिस्टर, मलाय आहेत त्या, धावत आल्या, त्यांनी घशातलं ओढून काढलं, ॲम्ब्युलन्स बोलावली. मी पेला धरून तशीच उभी होते, सिस्टरनी वळून बघितलं तेव्हा इंग्रजीत सांगितलं, पाणी मीच दिलं.

न्यूमोनिया झाला. त्यातून जगले, पण आता नाकातून नळी घातलीय आणि तोंडानं काही म्हणजे काहीच द्यायचं नाही, ते घट्ट पाणीसुद्धा नाही. पुढे देता येईल का विचारलं तर डॉक्टर मान हलवतात, ती हो अशीही नाही आणि नाही अशीही नाही.

आता ऐका, खरी पंचाईत पुढेच आहे. मला कुणी रागवतच नाही. सिस्टरनी वर कळवलं, माझं भरवायचं काम काढून घेतलं, ते बरोबरच होतं. पण आठवड्यानं मला बोलावून म्हणाल्या, "यू टोल्ड मी स्ट्रेट अवे. आय स्टिल राइट फॉर यू." म्हणजे शिफारस मिळणार! नवरा म्हणतो, अपघात होता तो, अर्जाची तारीख जवळ आलीय, तू आता बाकी काही मनात आणू नकोस. मनात आणू नकोस म्हणे. त्या अर्जाबरोबर एक निबंध द्यायचा असतो, तुम्हाला हे का व्हायचंय म्हणून. मी तो आधीच लिहून ठेवला होता, तुमच्या दवाखान्यावर, माठावर, आलेल्याला आधी पाणी देण्यावर. वाचून सगळे म्हणाले, काय सुंदर! तो उघडला की आता मी दुसऱ्याच ओळीला बंद करते. ज्या हातानं एका माणसाला हॉस्पिटलात धाडलं त्याच हातानं हे पाठवायचं? पेशंट तपासायला मला द्या, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? मला कुणीतरी सगळ्यांच्या देखत झाडायला हवं होतं, अण्णा. ते करणारा माणूस माझ्याकडे नाही.

म्हणून काल हॉस्पिटलात गेले. मनाशी ठरवलं होतं, अंकलच्या बायकोच्या पाया पडेन, ती चार शब्द बोलेल, मग काय ते अर्जाचं ठरवेन. आंटी बुटकीशी आहे, पलंगाशेजारी संत्री सोलत बसली होती, खाणार कोण कुणास ठाऊक. मी वाकले तर घाबरून तिने मलाच खुर्चीवर बसवलं. म्हणाली, "एव्हरी डे ही आस्क मी वॉटर. आय ऑलवेज से नो. यू गिव्ह, ही ड्रिंक सो हॅपी." आणि माझा हात धरून थँक यू म्हणाली. मी आयुष्यात कधी इतकी हतबल झाले नव्हते. त्या थँक यूचं मी काय करू, सांगा ना!

तेवढ्यात अंकल जागे झाले. मला ओळखलं. "गर्ल," म्हणाले, आणि चांगला हात ओठांपर्यंत नेला. पाणी. आंटी म्हणाली, "यू स्टडी डॉक्टर, राइट? लिटल बिट, कॅन?" दोघंही माझ्याकडे बघत होती, अगदी आशेनं. तिथल्या नर्सनं ओठ ओले करायला काडीला लावलेला स्पंज दिला होता, तो पाण्यात बुडवून, नीट पिळून मी त्यांच्या ओठांवरून फिरवला. त्यांनी तो झटकन तोंडात धरला आणि चोखायला लागले. आणि मी तो ओढून काढला. त्यांच्या तोंडातून, माझ्या हातानं. "नो, अंकल. कॅनॉट." त्यांनी पुन्हा हात ओठांपाशी नेला. मी पुन्हा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी हात नेला नाही, भिंतीकडे तोंड केलं. बरोबर केलं मी, ह्यावेळी अगदी बरोबर केलं, कुठल्याही कॉलेजनं पूर्ण मार्क दिले असते. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत? तुमच्याकडे असा कुणी आला होता का कधी, ज्याला पाणी देता येत नव्हतं? मी कधी विचारलंच नाही, आणि आता कुणाला विचारू?

हे पत्र कुठे पाठवायचा प्रश्नच नाही. लेकीला वाटतंय मी अभ्यास करतेय, मघाशी दारातून डोकावून "जियायो, आई!" म्हणून गेली. जोर लाव, असं चिनीत म्हणतात. तिला जे बोलले नाही, तेवढं सांगायला म्हणून हे लिहितेय. काल त्या खोलीतून बाहेर आले तर घशाला नुसती कोरड पडली होती. लिफ्टजवळ कूलर होता. मी एक पेला प्यायले, मग दुसरा, भिंतीला टेकून, घटाघटा. गार होतं पाणी. मला बरं वाटलं, अण्णा, लाज वाटावी इतकं बरं वाटलं. आणि तसं वाटत होतं तेवढ्यातच, तिथल्या बाकावर बसून, मी फोनवरूनच अर्ज पाठवून दिला.