दाराबाहेरच्या चपला

शेजारच्या शरदकाकांना,

चवदार तळ्यावर जायला उमरठहून आईबाबा पांढऱ्या कपड्यांत आले आणि आम्ही बौद्ध आहोत हे बिल्डिंगला कळलं. मघापासून माणसं दार बडवतायत, घर रिकामं करा म्हणतायत. आई दाराला पाठ लावून बसलीये. "उघडू नको गो," एवढंच म्हणते.

"घर कुणाला भाड्यानं द्यायचं हा मालकाचा हक्क! सरकारनं त्यात पडू नये!" बाहेर कुणीतरी ओरडलं. वाक्य तुमचंच. माझ्याकडे चहा पिताना म्हणायचात, "यात जातीचा संबंध नाही राजश्री, हे तत्त्व आहे." मीही मान डोलवायचे.

मदतीला तुम्हालाच फोन लावणार होते. त्याआधी खिडकीच्या फटीतून पाहिलं. सगळे पायातलं न काढता उभे आहेत. त्यांच्यात तुम्हीही आहात; चपला मात्र नेहमीसारख्या बाजूला काढून ठेवल्यात.

दाराच्या आतून,
राजश्री