अमावास्येचं पाणी

१६ जानेवारी
आज तिसरं बेट. चुनखडीचे उभे कडे, पायथा लाटांनी आत खाल्लेला, त्यामुळे अख्खं बेट पाण्यावर अधांतरी ठेवल्यासारखं. इंजिन बंद, नुसतं शीड. सुकाणूवर दादूस. पावणे गावच्या कारखान्यात उभ्यानं शिफ्ट काढणारा माझा भाऊ आता थायलंडमध्ये पर्यटकांच्या शिडाच्या बोटीवर खलाशी. बी.एस्सी. झाले म्हणून त्यानं मला बोलावून घेतलं. स्वयंपाकात मदत करायची, बदल्यात राहणं-फिरणं. परत गेल्यावर गावच्या खाडीसाठी काहीतरी करायचंच, म्हटलं त्याला. म्हणाला, "आधी कांदा बारीक काप, मग वाचव खाडी."

१७ जाने.
उद्याच्या बेटात बोगदा आहे. ओहोटीला त्यातून कयाक आत जाते. आत चारी बाजूंनी कडे, मध्ये तळं, वर आकाश. कॅप्टननी सगळ्यांना बजावलं, चारनंतर कोणीही आत जायचं नाही, पाणी चढून छताला लागतं.
दादूस माझ्या कानात, "कागद बघून बोलतो तो. उद्या अवस हाय. अवसेला बाराला भरती, सहाला सुकती. बाबांचा हिशोब कधी चुकलाय काय?"
नाही चुकला. आमच्या सारसोळे गावची जाळी त्याच हिशोबावर पडतात. मीही हसले.

१८ जाने.
दुपारी सगळे आत जाऊन आलो. एक कयाक आतच राहिली. साडेपाचला ती आणायला दादूस पोहत गेला. कॅप्टन पाहुण्यांना घेऊन पलीकडच्या किनाऱ्यावर होते. दादूस म्हणाला, "अजून अर्धा तास पानी उतरंल. आलोच." टॉर्चसुद्धा नेला नाही.
बोगद्याच्या तोंडाशी शिंपल्यांचा पांढरा पट्टा होता. बघता बघता बुडाला. हाका मारल्या. मग बोगदाच दिसेना.

१९ जाने.
पहाटे ओहोटीला कॅप्टन स्वतः आत गेले. कयाक छताला अडकलेली. दादूस तिच्या अलीकडे.
आत तळ्यात बसून राहिला असता तर वाचला असता, म्हणाले. पण त्याच्या हिशोबानं पाणी उतरत होतं. म्हणून निघाला तो.


२४ जाने., सारसोळे
काल दादूसला घरी आणलं. कालच सगळं उरकलं. आई घासलेलीच भांडी पुन्हा घासते. बाबा एवढंच विचारतात, "कवा गेला आत?" साडेपाचला. "अवसेला साडेपाचला बोगदा भरंल कसा?"
मी उठून आत गेले.

२६ जाने.
गल्लीतली माणसं बसली होती. काका म्हणाले, "कप्तानानंच केला कायतरी. पोरीला घेऊन चौकीवर जा. शिकलेली हाय, बराबर सांगंल." सगळ्यांनी मान डोलावली. परवा सकाळी जायचं ठरलं.
बाबा नंतर मला म्हणाले, "तू जास्त नको बोलू, बाय. एवढाच सांग, पानी उतरत होता."
कॅप्टनचा रोज फोन येतो. आई कशी आहे विचारतात, मग रडतात. त्यांनी बजावलं होतं, हे इथं फक्त मला माहीत आहे.
कॉलेजात वक्तृत्व स्पर्धेत सत्यावर बोलून ढाल आणली होती. बाबांनी ती टीव्हीवर ठेवलीय. आज तिकडे बघवलं नाही.

२७ जाने.
सांगितलं. बाबा ओट्यावर जाळं शिवत होते.
"बाबा, पाणी चढत होतं."
"सहाच्या आदी?"
"तिथलं पाणी आपल्या वेळेनं नाही चालत. कॅप्टननी सांगितलेलं. दादूसनं तुमचा हिशोब धरला."
"आपला हिशोब" म्हणता आलं असतं. तोंडातून "तुमचा" गेलं.
बाबांचा हात थांबला. नंतर दोनदा त्यांनी त्याच गाठीत सुई घातली. ओरडले असते तर बरं झालं असतं. आईनं आतून ऐकलं असणार. भांड्यांचा आवाज बंद झाला.
संध्याकाळी शेजारचा बाळा नेहमीसारखा बाबांना भरतीची वेळ विचारायला ओट्याशी आला. "भाऊ, सकालचा पानी कवाचा?"
बाबा म्हणाले, "मना नको इचारू."
तो हसला, त्याला गंमत वाटली. मग माझ्याकडे बघून गेला.
उद्या चौकीवर जायचं की नाही, ते बाबा बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. त्यांचा पांढरा शर्ट मी सकाळीच इस्त्री करून दाराला टांगलाय. तसाच आहे.