रमीच्या गाण्याचं शेवटचं कडवं

प्रिय अण्णा,

काल तुझा मित्र श्रीनू आला होता, म्हणून लिहितेय. तुमच्या कॉलेजात व्यसनमुक्तीचा कार्यक्रम आहे. तिथं तुमच्या बँडचं, फोनवर पैसे लावून खेळायच्या रमीवरचं गाणं हवंय.

"अक्का, तूच म्हण की," म्हणाला. "ड्रम मी वाजवतो. आवाज कुणाचा आणू?"

"माझा अण्णासारखा नाही."

"घरातला तर हाय."



तू स्वतःला संपवलंस त्याला सात महिने झाले. शुक्रवार पेठेतल्या घरात आता आई आणि मी. टीव्ही चालू असतो. बघत कुणीच नसतं.

श्रीनूच्या वडिलांच्या शेडमध्ये तुमचा सराव चालायचा. शेजारी यंत्रमाग, त्यामुळे तुमच्या गोंगाटाची तक्रार कधी आली नाही. तिथंच तू मला ते गाणं पहिल्यांदा ऐकवलंस. त्यातलं सगळं तुझंच होतं. मोडलेली सोयरीक, आईशी बोललेलं खोटं, जेवताना ताटाआड धरलेला फोन. शेवटच्या कडव्यात तो माणूस फोन बंद करतो आणि घरी येतो. मी रडले. मला वाटलं, सुटलास.

असं का वाटलं मला?

कॉलेजच्या गॅदरिंगला तू ते म्हटलंस तेव्हा पोरं खुर्च्यांवर उभी राहिली होती. गाणं संपल्यावर मी स्टेजमागे आले. तू स्पीकरच्या खोक्यावर बसला होतास, फोनवर अंगठा चालू होता.

"काय बघतोयस?"

"मॅचचा स्कोअर की."

मी पाण्याची बाटली दिली. एक पाऊल पुढं टाकलं असतं तर स्क्रीन दिसला असता. टाकलं नाही. त्या दिवसानंतर मी तुला कधीच काही विचारलं नाही. गाणं होतं ना.

पण तूही कसा रे? एवढ्या गर्दीसमोर म्हणता आलं, एका बहिणीला सांगता आलं नाही?

घरी कुणी आलं की आई सांगते, "त्यानं सोडलं होतं. गाणं केलं होतं की त्यावर." मी मान हलवते. तुझ्या फोनमध्ये काय होतं ते मी एकटीनं पाहिलंय. शेवटच्या दिवसापर्यंतचे डाव.

आई कार्यक्रमाला येणार आहे. ती त्या शेवटच्या कडव्याची वाट बघेल.

अण्णा, मी गाईन. फोन ताटाआड आहे तिथपर्यंत गाईन आणि थांबेन. श्रीनूला तसं सांगितलंय. पण आईला ते स्टेजवरून कळू देणार नाही. उद्या सकाळी तिच्याजवळ बसेन आणि खरं सांगेन. ती रागावेल, कदाचित माझ्याशी बोलणार नाही. तरी उठून जाणार नाही मी.

तुझी,
गौरी