क्लाइव्हचं वजन

१२ जून
नाक आपटलं! नवीन इंजिन बसवल्यावर आज पहिल्यांदाच उडाले. उतरताना हँडल पोटापर्यंत ओढलं, तरी विमानाचं नाक वर येईना. पुढचं चाक धाडकन आमच्या कुरणातल्या धावपट्टीवर. मोडलं काही नाही. घरी येऊन एकटीनंच चहा घेतला. ‘अगं, लागलं का?’ विचारायला घरात आहे कोण!

१४ जून
मेकॅनिक जोसी आली. तिन्ही चाकांखाली वजनकाटे सरकवले.
‘नोला, पुढं जड इंजिन, मागं सीटा काढून नुसतं स्ट्रेचर. नाक खाली जाणारच! रिकामं नेताना शेपटीकडे वाळूचं पोतं बांध. नवरा आडवा झाला की पोतं काढ. वजन किती त्याचं?’
‘चौऱ्याण्णव किलो.’
‘नक्की?’
‘नवरा आहे माझा!’
अर्धांगवायू झाल्यापासून क्लाइव्ह शहरातल्या शुश्रूषागृहात आहे. ट्रकमधून इतक्या लांब आणणं अशक्य. चार दिवस तरी घरी आणायचंय. त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

१५ जून
जोसीच्या हट्टापायी तिथल्या नर्सला फोन केला. मारिसेल म्हणाली, ‘एकसष्ट.’
‘अगं, क्लाइव्हचं विचारतेय मी.’
‘हो, त्यांचंच सांगतेय.’
दर महिन्याला जाते मी. जाड पांघरुणावर हात ठेवून बसते आणि येते.
जोसीला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, ‘तो असला तरी अर्धं पोतं राहू दे.’

१९ जून
पोतं बांधून उडाले. अलगद उतरले! कुंपणापलीकडच्या गाईंनी मानसुद्धा वळवली नाही.

२३ जून
आणलं! वाटेत तो खिडकीतून आभाळ बघत होता. रात्री मटण भाजलं. त्यानं दोनच घास खाल्ले.
‘नोले, घर मोठं झालंय का गं?’
‘नाही रे. तेवढंच आहे.’

२४ जून
मी बोलतेय, तो ऐकतोय. गुरांच्या पाण्याच्या पंपाचं सांगितलं, वासरांचं सांगितलं. सांगण्यासारखं संपलं की दोघंही माश्या हाकलतो.

२५ जून
सकाळीच विचारलं त्यानं, ‘विमानात पेट्रोल आहे ना?’ मी हरखले! वाटलं, आपली कुरणं वरून बघायची असतील.
‘कुठं जायचंय?’
‘परत. आज शुक्रवार. आल्बी पत्ते पिसून बसला असेल.’
आल्बी म्हणजे शेजारच्या खाटेवरचा म्हातारा गुराखी.
‘अरे, हे घर आहे तुझं!’
‘आहे गं. पण तू पंपावर गेलीस की दिवसभर छताकडे बघायचं. तिथं निदान कुणी शिव्या तरी देतं.’
मी ताटं उचलली. थोड्या वेळानं त्यानं धडधाकट हातानं माझं मनगट धरलं. सोडलं नाही.

२६ जून
पोचवला. दारातूनच आल्बी ओरडला, ‘आलास का, लबाडा! काल तुझ्यावाचून हरलो!’ क्लाइव्ह हसला — खदखदून. हे हसणं मी विसरूनच गेले होते. मला पत्ते येत नाहीत. बाजूला बसून बघत राहिले.
निघताना अख्खं पोतं बांधलं. विमान अगदी समतोल चाललं. दोन्ही हात सोडले तरी सरळ.

३ जुलै
मारिसेलला विचारलं, नवराबायकोला मिळून एक खोली मिळेल का? आहे म्हणाली.
मग जोसीला फोन केला. म्हटलं, विमानाला गिऱ्हाईक बघ.