पडद्याआडची उत्तरं

हिराओका डॉक्टरीणबाई,

तुम्ही माझ्या डोळ्यात नव्या पेशींचं ठिगळ लावलंत, त्याला वर्ष झालं. काल नजर तपासायच्या तक्त्यावरच्या कड्यांची फट कुठल्या बाजूला आहे, ते मी धडाधड सांगितलं.

"मुकाई-सान, सगळं बरोबर! माझा चेहरा दिसतो?" तुमचा आवाज ओला झाला होता.

"दिसतो ना. रडताय."

खोटं बोललो. नजरेच्या मधोमधचा काळा डाग तसाच आहे. कोबेच्या मासळी लिलावात बोली कानांनी टिपतच मी मोठा झालो. माझ्या आधी तपासलेल्या आजीबाईंची, त्यांच्या चांगल्या डोळ्याची उत्तरं पडद्याआडून ऐकली आणि तीच म्हटली. तुमचा हिरमोड करवेना. पण जाताना आजीबाई मला म्हणाल्या, "तुम्हाला दिसलं ना? मग मीही लावून घेते ठिगळ."

हे खोटं आता पेलवत नाही, बाई. हे पत्र टपालात टाकत नाही, स्वतःच घेऊन येतो. उद्या मला सगळ्यांच्या आधी तपासा.

तुमचा,
मुकाई