गिऱ्हाइकाचं बाथरूम

३ फेब्रुवारी, सोमवार

हरले! आजही बाबांची आंघोळ नाही. टॉवेल पुढे केला तर म्हणाले, "ताई, असू दे तुमचा टॉवेल. आम्ही आमचं फडकं घरून आणतो." ताई! पोटची पोर मी, आणि ह्या मेल्या विसरण्याच्या आजारात नुसती ताई झाले!

दुपारी डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. बाबांची लाल झालेली पाठ बघून कपाळाला आठ्या. "पुढच्या मंगळवारपर्यंत पाठ आणि काखा स्वच्छ झाल्या नाहीत तर जखमा होतील. मग दाखल करावं लागेल."

दाखल! नव्या जागी बाबांना स्वतःचा पलंगसुद्धा सापडत नाही. तिथून ते होते तसे परत यायचे नाहीत. नको. काही झालं तरी नको.

४ फेब्रुवारी, मंगळवार

निदान ओल्या फडक्याने पुसू म्हटलं. बाबांनी हात झटकला. मी आवाज चढवला — त्यांनी माझ्याहून वरचा लावला. शेजारीण विचारायला आली, "सगळं ठीक ना?" ठीक कसलं डोंबल!

५ फेब्रुवारी, बुधवार

ट्यूब पेटली! सकाळी नुसतं विचारलं, "का हो नको आंघोळ?" इतक्या दिवसांत हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं!

बाबा एकदम गंभीर. "अहो ताई, गिऱ्हाइकाच्या बाथरूममध्ये आपण फक्त काम करायचं. अंगावरचा शर्ट काढायचा नाही. माझ्या हाताखालच्या पोरांनाही हीच शिस्त आहे."

म्हणजे हट्ट नव्हेच, शिस्त! जन्मभर प्लंबिंग केलेला माणूस. त्यांच्या लेखी ते इथे कामावर आलेत — आणि मी गिऱ्हाईक रोज उठून त्यांच्या शर्टाला हात घालतेय! आधी हसू आलं, मग लाज वाटली, मग परत हसू आलं. नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, "मग काम देऊ की त्यांना!"

६ फेब्रुवारी, गुरुवार

काम दिलं. कसं दिलं ते लिहितानाही हसू आवरत नाहीये. नवऱ्याला शॉवरचा सांधा किंचित ढिला करायला सांगितला. ह्याला धड बल्ब बदलता येत नाही! पठ्ठ्याने सांधा अख्खाच काढला. पाण्याची धार थेट समोरच्या भिंतीवर, पायपुसणं तरंगत बाहेर!

"मेन कॉक बंद करा! मेन कॉक!" बाबांचा आवाज पार रस्त्यापर्यंत. खुर्चीतून आपले आपण उठले, कॉक फिरवला, पाना मागितला, सांधा बसवला. बोटं काही म्हणजे काही विसरलेली नाहीत. वर नवऱ्याला विचारतात, "साहेब, ह्याला कुणी हात लावला होता?" साहेबांनी खुशाल माझ्याकडे बोट दाखवलं! नालायक.

बाबा नखशिखान्त भिजलेले. शर्ट बदलू दिला, कामात ओला झाला म्हणून — पण खोलीत जाऊन, दार लावून. आंघोळ नाहीच.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मी तक्रार केली. "शॉवरचं पाणी नीट तापत नाही हो." बाबांनी धारेखाली हात धरला. "तापतंय की." म्हटलं, हाताला नाही कळत, पायाला गार लागतं. बाबा स्टुलावर बसले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाय धारेखाली घेतले! मी खाली बसून बोटांच्या बेचक्या धुतल्या. धुऊ दिल्या!! जास्त लिहीत नाही, नजर लागेल.

९ फेब्रुवारी, रविवार

आजची तक्रार — बाथरूमच्या जाळीत पाणी तुंबतं. बाबा म्हणाले, "साध्या पाण्याने कळायचं नाही. फेस सोडून बघावा लागेल." मी लगेच म्हटलं, मग अंगाला साबण लावूनच सोडा ना, भरपूर होईल. बाबा घुटमळले. तेवढ्यात "साहेब" दारात हजर. "मालक म्हणून माझी परवानगी आहे!" रुबाब बघावा! या घरात ह्याला साहेब म्हणणारा एकच माणूस, त्यामुळे स्वारी खूश असते.

"मालकांचीच तक्रार असेल तर बघायला पाहिजे," म्हणत बाबा स्वतः बटणं काढायला लागले. कमरेला टॉवेल गुंडाळून दिला. पाठ, काखा, मान — सगळं झालं! त्यांची नजर जाळीवर, माझी पाठीवर. "उतरतंय पाणी. उतरतंय बरं का!" बाबा म्हणाले. मला तर नाचावंसं वाटत होतं, पण फरशी ओली होती.

११ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अरे वा, सुकत आलंय! दाखल करायची गरज नाही." जीव भांड्यात पडला. कसं जमवलंत, विचारत होत्या. म्हटलं, तक्रारी करून! नवरा आता नवनव्या तक्रारी शोधत घरभर फिरतोय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आंघोळ झाल्यावर केस पुसून देत होते. बाबा हळूच म्हणाले, "ताई, एक विनंती होती. माझ्या मुलीच्या घरी एक म्हातारा असतो. आंघोळीला फार छळतो तिला. मध्ये एकदा बाथरूमचं दार लावून आत रडत होती पोर. तुम्हाला छान जमतं. तिला जरा शिकवाल का?"

रडले ते मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. इथेसुद्धा लिहिलं नव्हतं.

"शिकवीन," म्हटलं.