गवतातलं दार

आईस,

मेरिमचा सलाम. मी धडधाकट आहे. टाचेला फोड आलाय, पण तू दिलेली मेंढीची चरबी लावते, काळजी करू नकोस.

आज डोंगर फिरायला आलेल्या पाहुण्यांना घेऊन खिंड उतरले, ती थेट आपल्या उन्हाळी कुरणात. मेंढरं विकल्यापासून तिथे कुणी येत नाही. पण आपला तंबू उभा राहायचा, तिथलं गवत अजून गोल उगवतं, भोवतालच्यापेक्षा हिरवंगार.

पोलंडची बाशा पाठीवरचं ओझं टाकायला बरोबर त्या गोलाच्या मधोमध निघाली. मी ओरडलेच, "अगं, चुलीत पाय देशील!" बिचारी खाली बघत राहिली. खाली नुसतं गवत.

मग त्यांना बसायची जागा दाखवायला मीच आत गेले. बाशा म्हणाली, "वाकलीस का? काय पडलं?"

मी वाकले होते, ते तिने विचारल्यावर कळलं. म्हटलं, "काही नाही, बुटाची नाडी."

दादाकडे करमतं ना? उगाच जिने चढउतार करू नकोस. वहिनी सांगत होती, तू त्यांच्या उंच दारातूनही वाकूनच जातेस; तिला वाटतं तुझी कंबर धरलीय. तिला म्हणावं, डॉक्टर नको. कंबरेला काही झालेलं नाही.

लहानपणी मी तंबूत पळत शिरले की तू ओरडायचीस, "या कार्टीचं टाळकं रोज चौकटीवर आपटतं, वाकायला कधी शिकणार?"

आई, आज नाही गं आपटलं.

तुझी,
मेरिम